हातचा

कुताइसीच्या जुन्या इस्पितळात
ऑपरेशन थिएटरच्या दाराशी तीन नळ आहेत.
मधला गळतो.
एकोणीस वर्षं मी डावीकडच्या नळाशी उभा राहतो,
कोपराने दांडी ढकलतो
आणि नखांपासून सुरुवात करतो.

आता गुलाबी द्रावण आहे. त्याआधी तपकिरी होतं.
त्याच्याही आधी, मी शिकाऊ असताना, काहीतरी पिवळट,
ज्याचं नाव आता कोणी काढत नाही.
दिवसाला आठ वेळा, कधी अकरा.
बोटांच्या बेचक्या, तळवे, मनगटं, कोपरापर्यंत,
मग हात वर.

लमारा एकदा म्हणाली,
तुझ्या उशीलासुद्धा इस्पितळाचा वास येतो.
तेव्हा ती हसत होती.

रिपोर्ट मार्चमध्ये आला.
थेंबात किती असायला हवेत, किती आहेत,
त्यातले किती पोहतात,
किती नुसते जागच्या जागी थरथरतात.
आकड्यांवरून बोट फिरवताना
शाळेतल्या नानुली बाई आठवल्या :
वाझा, सगळं नीट मांडलंस रे,
हातचा विसरलास.

डॉक्टर नोदारनी कागद उलटा केला, सुलटा केला.
म्हटलं, हे त्या द्रावणाने झालं का?
म्हणाले, उंदरांमध्ये काही दिसलंय म्हणतात.
माणसांचं नक्की कोणालाच ठाऊक नाही.
सिगारेट?
सोडली.
दारू?
घरचीच, तीही लग्नाकार्याला.
ताप, गालगुंड, कुठे मार?
नाही, नाही, नाही.
मग त्यांनीही हात वर केले,
अगदी माझ्यासारखे,
फक्त कोरडे.

तेव्हापासून शंका हात धुऊन मागे लागलीय.
घरातली प्रत्येक बाटली मी भिंगातून वाचतो :
दाढीनंतर लावायचं पाणी, पायाच्या चिखल्यांचं मलम,
लमाराचा तोंड धुण्याचा फेस.
मुंगीएवढी अक्षरं, आणि मुंग्यांसारखीच
एकदा दिसली की मग सगळीकडे.

आईला फोन केला.
लहानपणी खोकला झाला की ती
काडीला कापूस गुंडाळून माझ्या छातीवर
आयोडीनची जाळी काढायची, उभ्या रेघा, आडव्या रेघा.
फुटलेल्या गुडघ्यांना ते हिरवं औषध,
आठवडाभर न जाणारं.
किती लावायचीस गं, मी विचारलं.
ती म्हणाली, जगलास ना?
मग बराच वेळ फोनमध्ये फक्त कोंबड्या.
मी काय विचारतोय ते तिला कळलं होतं.

मागच्या गुरुवारी, पहाटे पावणेचारला,
त्खाल्तुबोहून एक पोरगा आणला.
सहा वर्षांचा. अपेंडिक्स फुटलेलं.
मी नळाशी. समोरच्या घड्याळात पाच मिनिटं.
दुसऱ्याच मिनिटाला हात थांबले.
कोणी बघत नव्हतं.
हिशेब तर तयारच होता डोक्यात :
दर वेळची तीन मिनिटं वाचली
तर वर्षाकाठी किती तास
माझी कातडी माझीच राहील.

दाराच्या काचेतून त्याचं पोट दिसलं.
मक्याच्या पिठासारखं फिकट, टम्म.
आणि बेंबीच्या उजवीकडे
घरच्या कोणीतरी घाईघाईने काढलेली
आयोडीनची जाळी.
एक रेघ तर पार बरगडीपर्यंत घसरलेली.
हात कापला असणार काढणाऱ्याचा.

मी दांडी पुन्हा ढकलली.
नखांपासून.

पोरगा परवा घरी गेला.
बाप काहीच बोलला नाही. माझा हात दोन्ही हातांत धरून
नको तितका वेळ उभा राहिला,
मला तर वाटलं, भेगा मोजतोय.

पुढची तपासणी जूनमध्ये.
त्या द्रावणाबद्दल अजून नक्की कोणालाच ठाऊक नाही.
रात्री लमारा माझ्या बोटांना तेल चोळते, बेचक्यांत,
तळव्यांना, मनगटांना, कोपरापर्यंत.
बाटलीवर चिठ्ठी नाही, अक्षर नाही.
मी विचारतो, यात काय काय आहे?
ती दिवा मालवते.
अक्रोड, म्हणते.